दोन ते चारची पाळी

तो मंगळवार होता की बुधवार, हे प्रोफेसरांना आज विचारलं तर सांगता येणार नाही. आपल्या स्मरणशक्तीवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, तरी कुलूप लागलंय ना हे बघायला तीनतीनदा जिना चढत. पण दुपार होती आणि त्यांना झोप लागली होती, एवढं पक्कं.

बायकोची डावी बाजू लुळी पडली होती. इस्पितळानं घरी सोडलं ते एका अटीवर. पंधरवड्यात तपासनीस बाई न सांगता येणार; त्या वेळी रुग्णाजवळ जागं माणूस नसेल, तर रवानगी थेट शुश्रूषागृहात. ते गृह दोघांनी पाहिलं होतं. आठ पलंग आणि एकच खिडकी, तीही फार उंचावर. बायको एवढंच म्हणाली होती, "तिथं... नाही."

मग प्रोफेसरांनी चोवीस चौकोनांचा तक्ता आखला. सकाळची बाई, संध्याकाळची, रात्रीची. दुपारचे दोन ते चार मात्र काही केल्या भरेनात.

"तेवढा वेळ मी आहे की," त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं.

"तुम्ही? बाबा, पेपर उघडला की घोरायला लागता तुम्ही!"

"विचार करत असतो गं मी."

त्या दुपारी ते पाणी उकळायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. घर चिडीचूप होतं. गॅसचा बारीक फरफर आवाज, नळाचा एखादा थेंब. टेबलावर त्यांनी क्षणभर डोकं टेकलं...

घंटा वाजली ती पाण्याखालून आल्यासारखी. उठायचं होतं, पण अंगात जणू शिसं ओतलेलं. मग सपाता ऐकू आल्या. एक पाऊल, एक फरफट. एक पाऊल... एक फरफट. खोलीतल्या स्पिरिटचा आणि पावडरचा वास त्यांच्या पाठीशी येऊन थांबला. गॅसचा आवाज बंद झाला. मग दाराची कडी निघाली, आणि आत कितीतरी वेळ बायकांची कुजबुज चालली.

जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते. पातेल्यावर झाकण होतं. प्रोफेसर धडपडत खोलीत गेले. बायकोला त्यांनी खिडकीकडे तोंड करून निजवलं होतं. आता ती भिंतीकडे वळलेली. उशाशी फॉर्म, त्यावर ओला शिक्का : घरी ठेवण्यास हरकत नाही.

"कोण... कोण आलं होतं गं?"

तिचं कपाळ घामानं डबडबलं होतं. ओठांची उजवी कड हसली. "दमले," ती म्हणाली. मग, सावकाश, "जिंकलो."

चारला आलेली बाई चादर बघून म्हणाली, "काका, एकट्यानं कूस बदललीत? कंबर मोडायचीय का?"

"जमलं बुवा," प्रोफेसर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते धडधडीत खोटं बोलले, आणि इतकं बरं वाटलं की मुलीलाही फोन करून तेच ऐकवलं. झोपेतच मी दार उघडलं असेन, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

बायको नऊ वर्षं घरीच राहिली. तक्त्यातला एकही चौकोन पुन्हा कधी रिकामा पडला नाही. गेली तीही आपल्या पलंगावर, आपल्या खिडकीशी, नवऱ्याला एक शेवटचा टोमणा मारून.

नंतर भाड्याची चाकाची खुर्ची परत करायला ते इस्पितळाच्या कचेरीत गेले. टेबलामागच्या बाईंनी पावतीवरचं नाव वाचून मान वर केली; त्या दुपारी आलेल्या तपासनीस बाई त्याच.

"तुमची ती दुपारची बाई काय तडफदार हो! लंगडत होती बिचारी, पण तक्ता हातात घेऊन एकेक चौकोन समजावला मला."

प्रोफेसरांनी पाकिटातला बायकोचा फोटो पुढे केला.

"हीच की! हिचं नाव काय?"

"आणि... पलंगावर?"

"रुग्ण होत्या ना. डोक्यावरून पांघरूण घेतलेलं. एवढी सुधारणा दिसली, म्हणून तर लगेच शिक्का मारला."

विश्वास बसेना, म्हणून प्रोफेसरांनी जुनी फाइल काढायला लावली. बाईंच्याच अक्षरात नोंद होती : डाव्या हाताची पकड घट्ट. सोडवून घ्यायला वेळ लागला.