मावळतीला दुसरंच केंद्र लागतं

"जरा सरकता का?"

निर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये मागून आवाज आला आणि तेजश्री सरकायचीच विसरली. हा आवाज तिच्या ओट्यावर रोज मावळतीला बोलायचा. तुरीवरची अळी, उद्याची थंडी...

"तुम्ही — रेडिओतले?"

"किरणकुमार. कलबुर्गी केंद्र." तो हसला. "ऐकता व्हय?"

"अर्धंच. दिवस बुडाला की तुमच्यावर एक बाई चढती. तुम्ही म्हणता फवारा, ती गाणं म्हणती. कोण हाय ती?"

"लांबच्या कुठल्या तरी देशाचं केंद्र. अंधार पडला की त्यांचा आवाज आभाळाला धडकून इथवर येतोय."

"मग सांगा की तिला — कामून मधीमधी करायलीस?"

"सांगतो. पण तुम्हीबी जरा कान लावून ऐका."

तिनं कान लावला. तिथंच सगळं बिघडलं.

तो हिवाळा ढगाळच गेला. रेडिओवर किरणकुमार कन्नडात बोलायचा, त्याच्यावर ती परकी बाई, आणि तेजश्री रेडिओ फिरवून फिरवून त्याला शोधायची. कडब्याच्या गंजीकडं तोंड केलं की सापडायचा. मग पुन्हा —

बुडायचा.

बसमध्ये मात्र तो अख्खा ऐकू यायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मग तिच्या बापानं, इरप्पानं, भालकीचं स्थळ आणलं. तेजश्रीचा फोन कपाटात गेला, कपाटाची किल्ली इरप्पाच्या कनवटीला.

शेवटच्या भेटीत, सकाळच्या बसमध्ये, ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आज रात्री बा भालकीला होकार कळवायलाय. तुझी आई मागणी घालाय आम्हा मेंढरंवाल्यांच्या दारात येईल?"

"दुपारी विचारतो तिला."

"मला कसं कळंल?"

"कार्यक्रमाच्या शेवटी बोलतो ना. नमस्कार म्हणून झाल्यावर एकच शब्द. तुझ्यासाठी." तो तिच्याकडं वळला. "...तेजा, ऐकशील ना?"

तिनं नुसती मान हलवली. तेवढ्यात तिचं गाव आलं.

मावळत.

— शेतकरी बांधवांनो — खर्र — हरभऱ्याला —

(ती बाई. लांबची, गोड, नको तेव्हा.)

— पाणी बेतानं — 

रेडिओ भिंतीकडं. गोठ्याकडं. छातीशी.

— नमस्कार —

गाणं.

— बंद —

गाणं. गाणं. गाणं.

बंद.

बाजारात, बसमध्ये ती कन्नड सहज बोलायची. पण त्या घटकेला कानानं मराठीच ऐकलं. दुकान बंद होतं, दार बंद होतं, तसं बंद. तिनं रेडिओचं बटण फिरवलं आणि उठली.

"बा, चालंल मला भालकीचं."

इरप्पानं तिच्या तोंडाकडं न बघताच फोन लावला.

सकाळ धुरकट उगवली. फाटकाशी किरणकुमार उभा होता, आणि त्याच्यामागं पदर सावरत त्याची आई, पार्वतम्मा.

"कामून आलास?" तेजश्रीचा आवाज फाटला. "रेडिओवर सांगून झालं की. बंद म्हणून."

"बंद?" तो बघतच राहिला. "बंदे म्हणलो मी. कन्नडात, बंदे... आलोच!"

ती हसली बहुतेक. हसता हसता तिनं दाराची चौकट धरली.

ओट्यावरून इरप्पा बोलला, "रात्री शब्द दिलाय मी, अण्णा. तिनंच हो म्हणलं. पावण्यांनी च्या घ्यावा आन् जावं."

पार्वतम्मा परत वळली. किरणकुमार वळला नाही. पण फाटकाच्या आतही आला नाही. बोलावल्याशिवाय येणार नव्हता तो.

इरप्पा म्हणाला, "पोरी, आत जा."

तेजश्री गेली नाही. भालकीला गेलेला शब्द तिचाच होता. तो तिलाच परत आणावा लागणार होता, आणि कुठल्या भाषेत आणावा ते तिला —

"बा," ती म्हणाली.

इकडच्या मराठीत बा म्हणजे बाप. कन्नडात, ये.

इरप्पा ओट्यावरून उठला. किरणकुमारनं फाटकाच्या आत पाऊल टाकलं. दोघंही तिच्याकडं यायला लागले, आणि तिनं कुणालाच थांबवलं नाही.