सुदर्शन, तनुजा आणि गाभण डुकरिणी

बुधवार पेठेतल्या त्या दुकानात थर्मोस्टॅट एकच उरला होता, आणि त्यावर दोन हात एकदमच पडले.

"मी आधी विचारलं होतं," दीक्षा म्हणाली.

"माझी पिल्लं गारठतील हो…"

"कुत्र्याची?"

"डुकराची."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "भांडून झालं की पैसे द्या."

दीक्षाला हसू फुटलं. तिची पीएचडीच गाभण डुकरिणींवर होती. थर्मोस्टॅट त्याला मिळाला, तिला चहा.

तो सुदर्शन, मुळशीकडच्या एका डुक्कर-फार्मवरचा जनावरांचा डॉक्टर. चहा निवेपर्यंत ती सांगत राहिली – डुकरिणीचा गर्भ प्रोटिएज सोडतो, म्हणजे प्रथिनं कापत जाणारी विकरं. मोकळा सोडला तर तो आत घुसतच जाईल. पण गर्भाशय त्यांना रोखणारी द्रव्यंही सोडतं. म्हणून गर्भ पोखरत नाही, नुसता बिलगून वाढतो.

"अडवतेही, आणि जवळही ठेवते," तो म्हणाला. हे बोलताना तो कपाकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

मग दर आठवड्याला तो डुकरिणींच्या रक्ताचे नमुने घेऊन तिच्या खडकीच्या लॅबमध्ये येऊ लागला. बर्फाने गार झालेली त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची… 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

बहिणीच्या लग्नासाठी दीक्षा रजेवर गेली. परतली, तेव्हा कॉरिडॉरमध्येच सुदर्शनचं हसणं ऐकू आलं. लॅबमध्ये नव्याने आलेली तनुजा टेबलावर चढून बसली होती.

"सुदी, तू अशक्य आहेस," ती म्हणत होती.

सुदी! दीक्षाने त्या दिवशी एकच नमुना तीनदा मोजला. तनुजाचे केस, तनुजाची कानातली, सगळंच डोळ्यांत खुपू लागलं. संध्याकाळी तिने मेसेज टाकला – 'यापुढे नमुने आपण तनुजाकडेच द्यावेत.'

'आपण?' त्याने विचारलं. तिने फोन पालथा ठेवला.

तो यायचा, नमुन्यांचा डबा तनुजाला देऊन जायचा. ती पाठमोरी बसायची, आणि कान मात्र दाराकडे.

एका दुपारी कँटीनमध्ये तनुजा समोर येऊन बसली.

"सुदर्शनला सिनेमाला विचारलं मी. नाही म्हणाला."

दीक्षाचा घास तोंडातच राहिला. "का?"

"कारण नाही सांगितलं. पण 'नाही' म्हणताना तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता." तनुजाने ताट पुढे ओढलं. तिचे डोळे किंचित ओले होते. "माझं तर फिसकटलंच. तू तरी जरा अक्कल वापर."

दीक्षा तशीच उठली. फार्मवर पोचली तेव्हा भुरभुर पाऊस लागला होता. सुदर्शन एका डुकरिणीची सोनोग्राफी करत होता.

"आपण इकडे कशा?" त्याने मान वर न करताच विचारलं.

"'आपण' म्हणू नकोस ना…" ती दारातूनच म्हणाली. "मला हेवा वाटला. तनुजाचा. ती सुदी म्हणाली, आणि… मी तुलाच तोडलं."

"मला वाटलं, तुला फक्त नमुनेच हवे होते."

"नमुने दोन महिन्यांपूर्वीच पुरले."

त्याने आता मान वर केली. "मग मी दर आठवड्याला…?"

"फ्रीजरमध्ये आता जागा उरली नाहीये, सुदर्शन."

त्याने सोनोग्राफीचं यंत्र बंद केलं. मग त्याने हातमोजे उतरवले, आणि हात पुढे केला.