बालवेरी आडनावाचं गाव

मार्चचा पहिलाच आठवडा, सकाळचे नऊ वाजलेले आणि जालन्यात पारा सेहेचाळीसवर. अशा उकाड्यात रूथबाई लोकरीचा स्वेटर विणत बसल्या होत्या. शेजारीण खिडकीतून ओरडली, "अहो बाई, डोकंबिकं फिरलंय का?"

"थंडीच्या गावाला चाललोय," रूथबाई हसून म्हणाल्या. "आमच्या गावाला!"

आमचं गाव म्हणजे स्कॉटलंडमधली बालवेरी नावाची दरी. त्यांचे यजमान शिलानंद बालवेरी यांनी चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि भेटेल त्याला ऐकवलं की आमचं आडनाव गावावरून आलंय, तुमच्या बदनापूरकरांसारखंच. सर तिथे कधी गेले नव्हते. तरी तिथला ओढा कुठे वळतो ते असं सांगायचे, की जणू कालच त्यात पाय धुऊन आलेत.

त्या दरीत आता जेमतेम अकरा माणसं उरली होती. म्हणून तिथल्या ग्रामसमितीने जगभरच्या बालवेरींना हाक दिली होती : मूळ घराण्यातले असाल तर जोडीदारासह परत या, राहायला घर देऊ. आणि इकडे उन्हाने रूथबाईंची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. आणखी एक उन्हाळा निघणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आपल्याकडच्या थंड हवेच्या गावांनी परगावच्यांना दारं बंद केल्याला तीन वर्षं झाली होती. बालवेरी हाच काय तो आधार होता.

घराण्यांची मुळं तपासणाऱ्या वंशकेंद्रातली नसरीन सरांचीच विद्यार्थिनी. तिने मिशनच्या नोंदवहीची प्रत पाहिली. त्यात सरांचे मूळपुरुष होते : शमुवेल बालवेरी, बाप्तिस्मा १८७८. तिचा चेहरा खुलला.

"झालं सर! एवढा पुरावा समितीला चालतो. आजच अर्ज पाठवते."

"आणि ते गावशोधक यंत्र?"

"ते ऐच्छिक आहे. नाही केलं तरी चालतं."

पण सरांचा जीव त्या यंत्रातच अडकला होता. लाळेचा एक थेंब घेऊन ते त्यातली जनुकं जुन्या दफनभूमींतल्या हाडांशी आणि गावोगावच्या नमुन्यांशी ताडून पाहायचं, आणि आपले पूर्वज पिढ्यानपिढ्या जिथे राहिले तिथे नकाशावर दिवा लावायचं. अगदी वस्तीपर्यंत. सरांना रूथबाईंना नेमक्या आपल्या उंबऱ्यावर बसवायचं होतं. दुसऱ्याच्या नाही.

"सर, राहू द्या ना," नसरीन काकुळतीला आली. "निकाल आपोआप समितीकडे जातो. मला थांबवता येत नाही."

"अगं, वर्गात काय शिकवलं होतं मी? नकाशावर बोट ठेवल्याशिवाय..."

"उत्तर द्यायचं नाही," ती पुटपुटली आणि तिने नळी पुढे केली.

स्कॉटलंडचा नकाशा काळाच राहिला. मग तो लहान होत गेला, सरकला, आणि दिवा लागला तो अंबडच्या पुढे, खापरवाडीवर. सात वर्षांपूर्वी तिथली शेवटची विहीर आटली आणि वाडी उठून गेली होती. सरांनी मुकाट्याने नोंदवही पुढे ओढली. शमुवेलच्या नावापुढे आईबापांची जागा कोरी होती. आयुष्यभर पाहिलेली ती कोरी जागा त्यांना आज पहिल्यांदा कळली. मोठ्या दुष्काळात सापडलेलं पोर! मिशनच्या स्कॉटिश पाद्रीसाहेबांनी त्याला आपलं आडनाव दिलं होतं.

तासाभरात समितीच्या वृद्ध चिटणीस मोराग पडद्यावर आल्या. त्यांचं बोलणं भाषांतरयंत्र मराठीत सांगत होतं.

"फार वाईट वाटतंय हो. हा निकाल आला नसता तर मी सही केली असती. आता नियमाने हात बांधलेत. एक सांगू? आम्ही पिढ्यानपिढ्या इथेच आहोत, पण आमच्या घरात हे आडनाव कुणीच लावलं नाही. गावात राहणाऱ्याला ते कशाला हवं? जमीनमालकाने मेंढ्यांना कुरण करायला ज्यांची घरं जाळली, त्यांना पुढच्या गावाने विचारलं, कुठले तुम्ही? तेव्हा हे नाव चिकटलं. बालवेरी म्हणजे ज्याला बालवेरी सोडावी लागली तो."

सर घरी आले आणि चप्पलही न काढता रूथबाईंच्या खाटेशी बसले. सगळं सांगितलं. नोंदवही पुरली असती, हेही. सांगताना लहान मुलासारखे रडले.

रूथबाईंनी सुया खाली ठेवल्या.

"हात दाखवून अवलक्षण केलंत हो," त्या म्हणाल्या.

"रागावलीस?"

"रागावू नाही तर काय करू? जगायचं होतं मला." मग त्यांनी सरांचा हात धरला. "आणि त्या खापरवाडीत आपल्या घरासमोर काय आहे?"

आयुष्यात पहिल्यांदाच भूगोलाच्या सरांना सांगता येईना. "माहीत नाही गं. ते शमुवेलने सोडलं."

रूथबाईंनी अर्धा स्वेटर मांडीवर सारखा केला. एक बाही अजून व्हायची होती.

"सोडून जाणाऱ्याला गावाचं नाव लागतं म्हणता. मी तर आता कुठेच जाणार नाही," त्या म्हणाल्या. "मग माझ्या कबरीच्या दगडावर काय लिहाल हो?"