दोन हजार दोनशे चौदा पावलं

जुना फोन घ्यायले उद्या पोंभुर्ण्याले जातो म्हणतेस ना प्रफुल, जा बाबू. जुना घेण्यात काही वाईट नाई. हलका नवा घेण्यापेक्षा चांगल्या कंपनीचा जुना कधीही बरा. पण जायच्या आधी हे ऐक. तुम्ही बाकीचेही ऐका, अन् ते लाकूड थोडं आत सरकवा, विझून राह्यलं.

सोमाजी तुम्हाले माहीत हाय. तलावाच्या पाळीखाली धानाची बांधी हाय त्याची. त्याची पोरगी रीना बारावीले चांगली निघाली. गडचिरोलीले नर्सिंगले नंबर लागत होता. फॉर्म फोनवर, पैसे भरायचे फोनवर, पुढची सूचनाही फोनवरच येणार. अन् घरात होता तो बटनाचा डब्बा.

मागच्या साली सप्टेंबरात, सतरा तारखेले, बुधवारी, बापलेक पोंभुर्ण्याले गेले. पितर चालू होते. सोमाजीची बायको म्हणे, पितरात नवी वस्तू घेऊ नका. तं हा म्हणे, "नवी कुठी घेतो, जुनीच तं घेतो."

बसस्टँडसमोर विक्कीचं दुकान होतं. जुने फोन घ्यायचा, दुरुस्त करून विकायचा. पोट्टी हुशार. वहीत लिहूनच नेलं होतं तिनं काय काय पाहाचं ते. फोन काचेवर उताणा ठेवून पाह्यला. डुलला नाई, म्हणजे बॅटरी फुगली नव्हती. चार्जरची पिन हलवून पाह्यली. कोपऱ्या-कोपऱ्यात बोट फिरवून काच पाह्यली. कंपनी अजून किती वर्षं अपडेट पाठवणार तेही काढलं. जुन्या मालकाचं खातं काढून टाकलं हाय का पाह्यलं, अन् सारा फोन आपल्या डोळ्यासमोर कोरा करायले लावला. सारं बरोबर निघालं. फोन तीन वर्षांचा, पण ठणठणीत.

फक्त बिल नव्हतं. डब्बाही नव्हता.

रीना बापाले म्हणे, बिलाशिवाय नको घेऊ बाबा, कोणाचा हाय काय माहीत. विक्की म्हणे, खेड्यापाड्यात बिल कोण ठेवते काका. दुसऱ्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख होती. शेवटची बस उभी होती, ड्रायव्हर हॉर्न मारून राह्यला होता. सोमाजीनं घेतला.

हे मी तुम्हाले सांगतो ते त्याच्याच तोंडून ऐकलेलं हाय. याच अंगणात बसून सांगतलं त्यानं मले. अन् सोमाजी खोटं बोलणारा माणूस नोहे.

फॉर्म भरला. काम झालं. गुरुवारी सकाळी उठल्यावर रीनानं बापाले विचारलं, फोन घेऊन फिरायले गेले होते का तुम्ही? त्या फोनमधी पावलं मोजायची सोय होती. खिशात घेऊन चाललं का आकडा वाढते. सकाळी आकडा होता दोन हजार दोनशे चौदा. फोन तं रातभर भिंतीतल्या फळीवर होता.

सोमाजी म्हणे, जुना हाय, चुकला असंल.

शुक्रवारी सकाळी पुन्हा पाह्यलं. दोन हजार दोनशे चौदा. एक कमी नाई, एक जास्त नाई. रीनानं उलटंपालटं करून पाह्यलं तं त्यात वेळही दिसे. पहाटे तीन चाळीसले सुरू. चारच्या पुढं बंद. दोन्ही दिवशी तेच.

चूक असती तं रोज येगळी असती ना?

शुक्रवारी रात्री कोणी झोपलं नाई. मायनं पाट मांडला, त्यावर फोन ठेवला, अन् तिघं भोवती बसले. बाहेर बेडकं ओरडत होते. दोन वाजले. तीन वाजले. तीन चाळीसले बेडकं थांबले का काय, ते सोमाजीले आता नक्की आठवत नाई. पण एवढं आठवते... फोनवर एक आला.

मंग दोन. मंग तीन.

फोन पाटावर. कोणी हात लावला नाई. अन् आकडा वाढून राह्यला... सावकाश. माणूस चालते तसा. मधीच अंमळ थांबे, जसं कोणी अंधारात पाय चाचपते. पुन्हा चाले.

शंभर. पाचशे. हजार.

मंग रीना हळूच म्हणे, "बाई हाय कोणी. पावलं जवळजवळ पडून राह्यली."

माय देवाजवळ जाऊन बसली.

एकोणीसशे दोनवर आकडा थांबला. एक मिनिट गेलं. दोन गेले. पाच गेले. सोमाजीले वाटलं, झालं. त्यानं हात लांबवला फोन उचलायले...

आकडा पळाले लागला.

एकोणीसशे दहा. तीस. साठ. डोळ्यानं वाचता येत नव्हता एवढा भरभर. दोन हजार. एकवीसशे. रीनानं तोंडावर हात ठेवला. बावीसशे.

बावीसशे चौदा.

बस.

मंग काहीच नाई. काच काळी पडली.

दिवस उजाडला तसा सोमाजी माह्याकडं आला, गाडी मागायले. कायले पाह्यजे ते सांगतलं नाई. तोंड पाहून मीही विचारलं नाई, चाबी देल्ली.

तो विक्कीकडं गेला. भांडला नाई. फोन समोर ठेवला अन् पावलांचं सांगतलं. विक्कीनं हसून पाह्यलं, पण हसू काही जमलं नाई त्याले. मंग बोल्ला. चैत्रात कोलू नावाच्या गुराख्यानं आणून विकला होता. कोलूचं गाव जंगलात, तिथून सात-आठ कोस.

सोमाजी त्या गावी गेला. कोलू गोठ्यात शेण काढत होता. फोन पाह्यला अन् तो तिथीच खाली बसला. पुलाजवळ गवतात सापडला होता, म्हणे. त्या वेळेले कोणाचा हाय ते माहीत होतं का, असं सोमाजीनं विचारलं. कोलूनं शेणाचे हात पुसले. मंग होकाराची मान हलवली.

फोन बुधरीचा होता. त्याच गावातल्या वारलूची बायको. चैत्रात एक दिवस पहाटे मोह वेचाले म्हणून टोपली घेऊन निघाली, ते वापस आली नाई. गावानं तीन दिवस शोधलं. पण तिची मोहाची झाडं उगवतीकडं होती, म्हणून सारे उगवतीकडंच शोधत राह्यले. पूल मावळतीले. काहीच सापडलं नाई, तं लोक आपसात बोलाले लागले. रस्त्याच्या कामावरच्या माणसासंग राजुऱ्याकडून तेलंगणात पळाली म्हणे. आज एकानं म्हटलं, उद्या दहानं म्हटलं. कोलूलेही तेच खरं वाटलं. पळालेल्या बाईचा फोन, तिनंच फेकला असंल. त्यानं विकला अन् तोंड बंद ठेवलं.

अन् वारलू? त्यानं बाजारात जाणं सोडलं होतं. लग्नाले, पंगतीले, कुठीच जात नव्हता. कोणी तोंडावर म्हणे, कोणी मागून म्हणे. तो एवढंच म्हणे का ती पळणारी नोहे. पण पाच महिन्यानं माणूस सोताच्याच बोलण्यावर किती भरोसा ठेवंल?

सोमाजी त्याच्या दारात गेला. वारलूनं फोन हातात घेतला. मागून काचेवर एक ओरखडा होता, त्यावर अंगठा फिरवला. सोमाजीनं त्याले सारं सांगतलं, पाटावर काय पाह्यलं ते. आकडा कसा थांबला, कसा धावला.

मंग सोमाजीच म्हणे, "पळाली होती भाऊ ती. पण कोणासंग नाई."

वारलू रडला नाई. आत गेला अन् सोमाजीसाठी बाज टाकली.

रविवारची पहाट. एकवीस तारीख, पितरांची अवस. तीन चाळीसले तिघं वारलूच्या दारातून निघाले. वारलू, सोमाजी अन् कोलू. कोलूले कोणी बोलावलं नव्हतं. तो टेंभा घेऊन अंगणात उभाच होता. फोन वारलूच्या हाती.

एक. दोन. तीन.

गावाबाहेर वाट फुटते. उगवतीकडं मोहाची झाडं. वारलूचे पाय सवयीनं तिकडंच वळले. आकडा थांबला. दहा पावलं चालला, वीस चालला. आकडा हाल्ला नाई. वापस फिरला, मावळतीकडं वळला...

आकडा चालू झाला.

भात्यातून निघावा तसा कोलूचा श्वास ऐकू येत होता फक्त. डांबरी रस्ता लागला. मंग नाला, नाल्यावर तो ठेंगणा पूल. पुलाच्या मधोमध वारलू आपोआप थांबला. फोन पाह्यला.

एकोणीसशे दोन.

त्या दिवशी ती मावळतीकडं काऊन आली, तिथी काऊन थांबली, कोणालेच माहीत नाई. काही ऐकलं असंल. काही पाह्यलं असंल. ते तिघंही थांबले. खाली पाणी वाहात होतं...

मंग वारलूच्या हातात आकडा पळाले लागला. अन् वारलू उभा होता. जागचा हाल्ला नव्हता.

तो म्हणे, "चाल, मी येतो."

कोणाले म्हटलं ते सोमाजीनं विचारलं नाई.

नाल्याच्या काठानं तिघं धावले. गवत कमरेइतकं. टेंभा विझला. फोनचा उजेड तेवढा. चुकीकडं वळलं का आकडा थांबे. बरोबर वळलं का धावे. काटे लागले, कोलू पडला, उठला. बावीसशे. बावीसशे दहा.

बावीसशे चौदा.

बांबूचं बेट होतं. काळोख. तिघं तिथीच बसून राह्यले, उजाडेपर्यंत. मागच्या बाजूनं एकदा पाला वाजला. सोमाजीनं मान वळवली नाई.

उजाडल्यावर दिसलं. लुगड्याचा तुकडा, हातातले चांदीचे गोट, अन् जे राह्यलं होतं ते. टोपली उलटी पडलेली, तिच्यातून गवत उगवलेलं. कोणी नेली होती ते सांगाले नको. त्या पट्टेवाल्याचं नाव मी घेत नाई, रात्र हाय.

मंग वनखात्याचे लोक आले, पोलीस आले, पंचनामा झाला. वारलूनं आपल्या रीतीनं तिले मातीत देल्लं. सारा गाव आला होता, ज्यांनी म्हटलं होतं तेही. कोणी मान वर करून पाहात नव्हतं. तिच्या नावाचा उभा दगड कोलूनं एकट्यानं पाठीवर वाहून आणला. खांदा फुटला, पण कोणाले हात लावू देल्ला नाई.

सोमाजी फोन वापस देत होता. वारलूनं घेतला नाई. पोरीले शिकाले लागते, म्हणे, तिच्याजवळच राहू दे. पुढच्या सोमवारी रीना तोच फोन घेऊन गडचिरोलीले होस्टेलात गेली. त्या दिवसापासून पहाटे एक आकडा हाल्ला नाई. आजवर नाई.

बिल पाह्य बाबू. बिल नसंल तं एवढं तरी विचार का कोणाचा होता. लाजू नको.

आता संपलं असं मलेही वाटलं होतं. संक्रांतीले रीना घरी आली. दुसऱ्या दिवशी, पंधरा जानेवारीले, तिची माय पहाटे सडा टाकाले उठली. दार उघडलं अन् तशीच उभी राह्यली. मंग सोमाजीनं मले बोलावलं. मी गेलो. हे मात्र ऐकलेलं नाई, माह्या डोळ्यानं पाह्यलेलं हाय.

उंबरठ्यावर एक दोना होता. पळसाच्या हिरव्या पानाचा, काड्या टोचून नीट शिवलेला. त्यात ओंजळभर मोहाची फुलं.

पूस महिना. सारं जंगल फिरलं तरी त्या दिवसात मोहाचं एक फूल भेटत नाई. अजून दोन महिने होते फुलाले. मी एक उचलून वास घेतला, दाबून पाह्यलं. वाळलेलं नव्हतं. रस सुटला बोटाले.

अंगणात थंडीची धूळ होती. तिच्यावर माह्या पावलांशिवाय कुठी काही उमटलं नव्हतं...

फुलं ओली होती.