मडक्यातला फोन

"फोन मेला! मडक्यातला फोन मेला!"

विक्की थाळी बडवत तलावाच्या बांधावरून गावात धावत सुटला, आणि न्याहारीला बसलेलं अख्खं कोसमटोला हातातला घास टाकून बांधाकडे निघालं. डिंपल तर हात न धुताच पळाली. तिच्यामागे तिचा आतेभाऊ हिमांशु निघाला, पण त्याचे पाय काही केल्या उचलत नव्हते. फोन कशानं मेला, हे साऱ्या गावात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. फोनचा जीव त्याच्या हाफपँटच्या खिशात होता!

आता हा मडक्यातला फोन म्हणजे काय, ते सांगायला हवं. चिचगडच्या पुढे जंगलात वसलेल्या कोसमटोल्यात घरोघरी मोबाइल होते, पण ते गाणी ऐकायला आणि अंधारात उजेड पाडायला. रेंज गावात कुठेच नव्हती. ती यायची फक्त बांधावरच्या जुन्या कोसमाच्या झाडाच्या एका फांदीखाली, आणि तीही एकाच कंपनीची. मग गावानं मिळून बटणांचा एक साधा फोन घेतला, त्या फांदीला आडवं मडकं टांगलं आणि फोन त्यात ठेवला. फोन वाजला की मडकं असं घुमायचं, की शेतांपलीकडच्या माणसानंही मान वर करावी. रोज एका घराची पाळी असे. पाळीवाल्यानं झाडाखाली बसायचं, फोन उचलायचा आणि निरोप ज्याचा त्याला पोचवायचा. कुणाचा मुलगा हैदराबादला, कुणाची लेक दवाखान्यात, सगळ्यांचे आवाज त्या मडक्यातूनच गावात यायचे.

काल पाळी होती भैयालाल आजोबांच्या घरची. गोंदियाहून सुट्टीत आलेल्या हिमांशुनं मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "आजोबा, तुम्ही आराम करा. फोनवर मी बसतो!"

आजोबांना केवढं कौतुक वाटलं होतं नातवाचं!

नातवाच्या मनात मात्र वेगळंच होतं. त्याच्या मोबाइलवर एक खेळ होता. तो रोज एकदा तरी उघडला की हजेरी लागायची, आणि दिवाळीपासून हिमांशुची हजेरी एकदाही चुकली नव्हती. शाळेत इतकी निष्ठा त्यानं कधी दाखवली असती, तर गुरुजींनी सत्कारच केला असता! पण त्याच्या स्वतःच्या सिमला इथे रेंजचा एक दांडाही येत नव्हता. एक हजेरी चुकली की त्याचा मित्र मोनू पुढे जाणार. मग भर दुपारी, बांधावर चिटपाखरू नसताना, हिमांशुनं गावाच्या फोनचं सिम काढलं. ते नव्या मोबाइलचं बारकं सिम होतं, प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेलं. चौकट सोडवून त्यानं ते आपल्या मोबाइलमध्ये घातलं. हजेरी लागली! बक्षीस म्हणून खेळातली सोन्याची कुऱ्हाड मिळाली!

तेवढ्यात डिंपल शिदोरी घेऊन येताना दिसली. घाईघाईत बटणांचा फोन मडक्यात गेला, मोबाइल बंद होऊन खिशात गेला आणि चौकट गवतात कुठे पडली, देव जाणे. 'संध्याकाळी सिम परत टाकू' असं त्यानं ठरवलं, पण संध्याकाळी आजोबाच झाडाखाली येऊन बसले. आणि आज सकाळपासून पाळी विक्कीच्या घरची.

झाडाखाली आता ही गर्दी जमली होती.

"सिमच नाही अंदर!" विक्की रडकुंडीला आला होता. "माही माय देवरीच्या दवाखान्यात हाय. आजी रोज सांजच्याले फोन करते. काल आलाच नाही!"

 विक्कीची आई बाळंतपणासाठी गेली आहे, हे हिमांशुला माहीत होतं की! काल सोन्याची कुऱ्हाड घेताना ते त्याला आठवलंसुद्धा नव्हतं.

"माकडानं नेलं असन," एक काका म्हणाले.

"हाओ, माकडंच लय माजले यंदा," दुसऱ्यांनी मान डोलावली.

"चिचगडच्या बाजाराच्या दिवशी आनू नवीन सिम," आजोबांनी निकाल दिला, आणि मोठी माणसं न्याहारीला परत गेली.

डिंपलनं कपाळावर हात मारला. "म्हणजे माकडानं झाकण उघडलं, बॅटरी काढली, सिम घेतलं आणि पुन्हा सगळं जसंच्या तसं लावून ठेवलं! काय हुशार माकड आहे बाप्पा! त्याले तर सरपंच करा!"

एरवी हिमांशु खो खो हसला असता. आज त्याला ते माकड म्हणजे आपणच, हे आठवून हसू येईना.

डिंपल गुडघ्यांवर बसून गवत चाचपू लागली. आणि एकदम ओरडली, "सापडलं! हे पाहा!" तिच्या बोटांत ती प्लॅस्टिकची चौकट होती. "चोरानं सिम चौकटीतून सोडवलं. म्हणजे चोराकडे मोठा, नवा मोबाइल आहे. कोणाकडे आहे तसा?"

विक्कीचे डोळे चमकले. "भैयाजीकडे! तेंदूपत्त्याच्या फडावरचा मुंशी! त्याचं ना, आपल्या फोनशी वाकडंच हाय. फोन वाजला का मानसं काम सोडून पळतेत म्हने. 'एक दिवस तुमचं मडकं फोडतो' म्हनला होता!"

"हिमांशु, तुला काय वाटतं?" डिंपलनं विचारलं.

सांगायची हीच वेळ होती. हिमांशुनं तोंड उघडलं आणि त्यातून भलतेच शब्द आले. "हो... त्यानंच घेतलं असेल."

बोलला आणि त्याला स्वतःचीच किळस आली. पण शब्द तर निघून गेले होते, आणि विक्की फडाच्या वाटेला लागलासुद्धा होता. "चाला! पकडू त्याले!"

फड नाल्यापलीकडच्या मोकळ्या माळावर होता. उन्हात तेंदूपत्त्याचे, म्हणजे विडीच्या पानांचे, पुडे वाळत पडले होते आणि माणसं ते मोठमोठ्या बोद्यांत, पोत्यांत, भरत होती. अगदी पलीकडच्या टोकाला विक्कीचा बाप झामसिंग बोदा दाबत होता. तिघं वाकून वाकून पिकअप गाडीच्या आडोशाला आली. गाडीच्या दुसऱ्या बाजूनं बोलणं ऐकू येत होतं.

"भैयाजी, झामसिंगले सांगू ना आता?" हा गाडीचा ड्रायव्हर भुपेंद्र. "म्या सकाळी देवरीले होतो. त्याची माय रुख्माबाई दवाखान्यासमोर रडून राहिली होती. सूनबाईले गोंदियाले नेऊन राहिले म्हने. ऑपरेशन हाय, रक्त लागन. झामसिंगचं जुळते. रातभर गावात फोन लावला, लागतच नाही!"

"गाडी भरू दे पहिले!" भैयाजी खेकसला. "आता सांगशीन तर तो पळन, त्याच्यामागं बाकीचे पळतीन. दुपारी सांगजो."

विक्कीनं पुढचं ऐकलंच नाही. "बाबाऽऽ!" अशी आरोळी ठोकत तो पुडे तुडवत धावला.

मग एकच गोंधळ उडाला. झामसिंग बोदा टाकून धावत आला. त्याच्या अंगाला पानांचा भुगा चिकटला होता. "भैयाजी, गाडी द्या! सकाळची बस तर गेली. मी जाऊ कसा?"

"गाडी सेठची हाय, माह्या बापाची नाही," भैयाजी गुरगुरला. "सेठ हो म्हनला तर आत्ता नेतो. पन विचारू कसा? माह्या मोबाइलले इथं रेंज नाही, अन् तुमचा फोन तर मेला म्हनते!"

"तुम्हीच मारला तो!" विक्की त्याच्या अंगावर धावून गेला. "सिम काढा! काढा आमचं सिम!"

"मी?" भैयाजीचा चेहरा खरोखर कोरा पडला. "म्या कायले काढू बे तुमचं सिम?"

हिमांशुचे कान तापले.  एक बाई गोंदियाच्या दवाखान्यात पडली होती आणि तिच्या नवऱ्याला बोलावणारा फोन रात्रभर वाजू शकला नव्हता, कारण एका पोराला कुऱ्हाड हवी होती. तीही खोटी!

"विक्की, सोड त्यांना." त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. त्यानं खिशातून मोबाइल काढला. "सिम माझ्याकडे आहे. काल मी काढलं. खेळासाठी."

 डिंपलचं तोंड उघडंच राहिलं. विक्की त्याच्याकडे नुसता बघत राहिला. एक थोबाडीत मारली असती, तर हिमांशुला बरं वाटलं असतं! पण विक्कीनं पाठ फिरवली आणि बापाचा हात धरला.

झामसिंगनं हिमांशुकडे एकदा पाहिलं. "चाल," तो एवढंच म्हणाला. "झाडाखाली चाल."

रागावला असता तरी चाललं असतं, पण तो रागावलाही नाही. हिमांशुला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

आता डिंपलचं डोकं चालू लागलं. "भैयाजी, सेठ हो म्हणाले तर नेणार ना? सगळ्यांसमोर बोललात हं! मग चला बांधावर, गाडी घेऊनच! सेठनं विचारलं 'गाडी कुठं हाय' तर काय सांगाल, फडावर सोडून आलो?"

भैयाजी मिशीतल्या मिशीत हसला. सेठ नाहीच म्हणणार, हे तो जाणून होता. "चाला," म्हणत तो पुढे बसला. बाकीचे मागे बोद्यांवर चढले. धुरळा उडवत गाडी बांधावर पोचली.

हिमांशुनं मोबाइलमधून सिम काढलं. डिंपलनं आपल्या ओढणीच्या गाठीतून चौकट काढली. सिम चौकटीत बसलं, चौकट फोनमध्ये बसली. फोन मडक्यापाशी धरला, आणि टिंग! टिंग! टिंग! मिस्ड कॉलचे निरोप एकामागून एक कोसळू लागले. सगळे एकाच नंबरचे. रात्री आलेले, मध्यरात्री आलेले, पहाटे आलेले. हिमांशु एकेक वाचत होता आणि प्रत्येक टिंगला त्याला आपल्या कानाखाली वाजल्यासारखं होत होतं.

"दे इकडे!" डिंपलनं फोन हिसकावला. सेठचा नंबर गाडीच्या दारावरच रंगवलेला होता. तो लावून, आवाज मोठा करून, ती अशी काही गोड बोलली की गूळही लाजावा!

"नमस्कार सेठजी! मी कोसमटोल्यावरून भैयालालजींची नात बोलून राहिली. तुमचे फार फार उपकार! झामसिंगभाऊची घरवाली गोंदियाच्या दवाखान्यात आहे ना, तर तुमच्या भैयाजींनी लगेच तुमची गाडी काढली. सगळं गाव बांधावर उभं आहे आणि तुमचं नाव घेऊन राहिलं! सेठ असावा तर असा, म्हणून राहिले सगळे! हे घ्या, भैयाजींशी बोला!"

भैयाजीचा जबडाच लोंबला. पलीकडे सेठ जरा अडखळला, खाकरला. आणि मग म्हणाला, "हां, हां... बरोबर किया भैयाजी! ले जाओ, जल्दी ले जाओ! माल कल देखेंगे।"

भुपेंद्रनं हसू दाबत गाडी चालू केली. बोदे भराभर खाली पडले. झामसिंग गाडीत चढला. विक्की मागे धावू लागला, तसा तो म्हणाला, "तू इथंच राह्य. फोनजवळ बस. आता फोन सोडू नोको."

गाडी गेली. बांधावर विक्की एका दगडावर बसला आणि हिमांशु झाडाच्या बुंध्याशी. मध्ये चार माणसं बसतील एवढं अंतर. डिंपल दोघांसाठी भाकरी घेऊन आली. विक्कीनं ती घेतली नाही, म्हणून हिमांशुलाही गिळवेना. त्यानं रुख्माबाईंना फोन लावला आणि झामसिंगभाऊ निघाल्याचं सांगितलं.

"काऊन रे बाबू," म्हातारीनं थकल्या आवाजात विचारलं, "रातभर फोन काऊन नाही लागला?"

"मी सिम काढलं होतं आजी. चूक माझी आहे."

पलीकडून दवाखान्याचा कलकलाट ऐकू आला. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुपार सरता सरेना. हिमांशु मडक्याकडे टक लावून बसला होता. मोबाइल त्याच्या खिशातच होता. खेळाची हजेरी आज चुकणार होती. चुकू दे! चुकेना का जन्मभर!

उन्हं तलावात उतरली आणि मडकं घुमलं. हिमांशु झेपावला. पण बटण न दाबताच त्यानं फोन विक्कीसमोर धरला. "तू घे."

विक्कीनं फोन कानाला लावला. "बाबा?... हाओ... हाओ..." आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. "बहीन झाली! मले बहीन झाली! माय बरी हाय! बाबाचं रक्त टायमावर पोचलं!"

डिंपलनं थाळी अशी बडवली की तिला पोचाच आला! गाव पुन्हा बांधावर जमलं. पोरांनी मुंशीला कसं बनवलं, याची हकीकत तिखटमीठ लावून सांगितली गेली; सिम कुणी काढलं होतं, ते मात्र त्यात कुणी सांगितलं नाही. भैयालाल आजोबांनी डिंपलची पाठ थोपटली आणि मग हिमांशुचे खांदे धरून त्याला पुढे ओढलं. "अन् हा माहा नातू! दिवसभर उपाशी फोनवर बसून होता. पोट्टा असावा तर असा!"

"आजोबा, नको ना!" हिमांशुचे डोळे भरून आले. "शाबासकी नका देऊ. सिम माकडानं नेलं नव्हतं. मी नेलं होतं." आणि त्यानं सगळं सांगितलं. खेळ, कुऱ्हाड, चौकट, आणि भैयाजीवर घेतलेला आळसुद्धा.

आजोबांचे हात त्याच्या खांद्यांवरून खाली आले.  मग त्यांनी विचारलं, "आज झामसिंगची पाळी होती, ते सगळ्यायनं मिळून निभावली. आता दवाखान्यातून निरोप येत राहतीन. झामसिंग येईपर्यंत सगळ्या घरायच्या पाळ्या कोन करन?"

हिमांशुनं मान खाली घातली. मला द्या, असं म्हणायचं त्याला तोंड नव्हतं. सगळे विक्कीकडे बघू लागले. विक्कीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"हा करन," तो म्हणाला. "पन त्याचा मोबाइल आजाच्या पेटीत ठेवा. कुलूप लावून!"

लोक हसले. "पोट्टे शहाने हायेत," आजोबा म्हणाले. "आपनच माकडावर ढकलून न्याहारी करत बसलो." मोबाइल त्यांनी मुकाट्यानं धोतराच्या सोग्यात बांधला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हिमांशु झाडाखाली हजर होता. थोड्या वेळानं विक्की आला. तो बसला, पण आज दगडावर नाही, बुंध्याच्या दुसऱ्या बाजूला. त्याच्या ओंजळीत पिकलेली टेंभरं, तेंदूची गोड फळं, होती. त्यातली काही त्यानं दोघांच्या मध्ये ठेवली.

तेवढ्यात मडकं घुमलं. हिमांशु उठला, आणि हात पुढे करून तसाच थांबला.

"अबे, पाहून काय राहिला?" विक्की ओरडला. "उचल ना! मायचा असन!"

हिमांशुनं दोन्ही हातांनी फोन उचलला.