उजव्या झाकणातली टाचणी

धान्याच्या धंद्यात जन्म काढलेल्या माणसाला भुंगेरे दाखवायला आणायचे, म्हणजे हलवायाला माशा दाखवण्यातलाच प्रकार. तरी अश्लेषा आपला लाकडी खोका घेऊन छावणी भागातल्या त्यांच्या गोदामात शिरली, तेव्हा कारभारीकाकांनी गादीवरून उठून तो कौतुकानं उघडून पाहिला. काका मूळचे सिल्लोडचे, मक्याचे व्यापारी, तिच्या वडिलांचे जुने स्नेही. पोरगी विद्यापीठात किड्यांवर संशोधन करते, मे महिन्यात तिच्या भाड्याच्या खोलीचा पत्रा तापतो, म्हणून त्यांनी गोदामामागची बियाण्याची खोली तिला वापरायला दिली होती. जाड भिंती, खिडकी नाही, सागवानी दुहेरी दार. उन्हाळ्यात माठासारखी गार.

“हे आमच्या मक्यातल्या किड्यांचेच भाऊबंद ना गं?”

“चुलतभाऊ म्हणा. पण हे डोंगरातले, हिमालयातून आणलेत. यांना उडता येत नाही.”

“मंग पाठीवर ही दोन झाकणं कशापायी?”

“नुसती दिसायला दोन, काका. मधे फटीची रेघ आहे, पण ती उघडत नाही. दोन्ही जुळून एकच झालीत. उडता येत नाही म्हणून दरी ओलांडता येत नाही. म्हणून तर एका डोंगरावरची जात दुसऱ्या डोंगरावर सापडत नाही. जिथं जन्मला, तिथंच कोंडलेला.”

“आन टाचणी समद्यांना उजवीकडंच?”

“रीत आहे ती. उजव्या झाकणातून टोचायची, म्हणजे डावी बाजू अभ्यासाला शाबूत राहते.”

काका हसले. “टोचायच्या आधी मेलंय का बघत जा बरं. आमच्या या लक्ष्मीबाईनं एकदा मेलेला म्हणून साप चिमट्यात धरून उकिरड्याला नेला. निम्म्या वाटंवर त्यानं मान वर केली. बाई आजबी चिमटा हातात धरत नाय.”

चहा गाळता गाळता लक्ष्मीकाकू म्हणाल्या, “आन तुम्ही तवा पोत्यांच्या थप्पीवर चढून बसला व्हता, ते बी सांगा की पोरीला.”

हसतहसत अश्लेषा आत गेली. फोन बाहेर गादीजवळ चार्जिंगला लावला. भुशाची धूळ उडत होती, म्हणून तिनं खोलीचं दार लोटून घेतलं आणि टेबलावरचा दिवा लावला.

आज तिला सगळ्यात मोठ्या भुंगेऱ्याचा निकाल लावायचा होता. हिमालयातल्या एका खिंडीत हा एवढा एकच सापडला होता. झाकणाखाली पंखाचा मागमूस निघाला नाही, तर जात नवी ठरण्यासारखी होती. किडे मारायच्या औषधाच्या बरणीत तो सकाळपासून पडून होता. पाय पोटाशी आवळलेले. तिनं त्याला थर्माकोलवर ठेवला, उजव्या झाकणावर टाचणी टेकवली, जरा दाबली.

मागचा डावा पाय हलला.

हे किडे मेल्याचं सोंग घेतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? क्षणभर तिचा हात थबकला. पण टाचणी मागं घ्यावी, तर झाकण तडकलं असतं, आणि दुसरा भुंगेरा आणायचा कुठून? आता काय, अर्धं काम झालंच आहे, असं मनाशी म्हणून तिनं टाचणी आरपार नेली. मग मधल्या रेघेत बारीक सुई घातली, वर सरकवली, थांबवली, फिरवली. कट्! खाली गुळगुळीत, फिकट पाठ. पंख नव्हते. भुंगेऱ्यानं मागचा भाग उचलला आणि खोलीत एक उग्र, जळजळीत वास पसरला.

तेवढ्यात लाईट गेली.

ती चाचपडत दारापाशी आली. कडी लावलेली नव्हतीच. तिनं दार ओढलं, ढकललं, हललं नाही. मग दोन फळ्यांमधली फट बोटांनी शोधली. फट होती... पण तिच्यात नख जाईना. लाकडावर नुसती रेघ ओढावी तशी ती वरपासून खालपर्यंत गेली होती.

“काका!”

आवाज डब्यातून घुमावा तसा तिच्याच कानांवर परत आला. बाहेर पोती टाकल्याचे धप्प धप्प आवाज येत होते, फार लांबून. वास दाटत चालला होता. “काकू... कुणी आहे का?”

आणि मग त्या रेघेत बाहेरून काहीतरी शिरलं.

बारीक, टणक. खरखरत वर सरकलं. थांबलं. फिरलं. अश्लेषाच्या मनगटाला ते फिरणं ओळखीचं होतं.

ती मागं सरली, जमिनीवर पालथी पडली. हातपाय पोटाशी आवळले, श्वास कोंडला. कट्, असा आवाज झाला. काहीतरी आत आलं. त्यानं तिच्या कोपराला स्पर्श केला, गुडघ्याला केला... घाई नव्हती. मग उजव्या खांद्यामागं एक गार टोक टेकलं.

तिचा डावा पाय हलला.

वरचं टोक थबकलं. त्या थबकण्यात काय चाललंय, ते तिला शब्दन् शब्द ठाऊक होतं.

“अगं, अशी जमिनीवर का पडलीस?” दार सताड उघडं होतं आणि काका चहाचा कप घेऊन उभे होते. “लाईट आत्ता गेली, म्हनलं पोरगी घाबरंल.”

“दार... उघडत नव्हतं.”

“नुसतं लोटलेलं व्हतं. बोटानं उघडलं म्या.”

लक्ष्मीकाकूंनी तिला धरून पुढं आणलं, थप्पीवर बसवलं. पाठीवरून हात फिरवता फिरवता त्या थांबल्या. “पोरी, कुर्त्याला भोक कशाचं गं? खिळा लागला का?”

उजव्या खांद्यामागं. गोल, नेटकं. रक्ताचा थेंब नाही. अश्लेषानं हळूहळू हात पुढं, गळ्याच्या उजव्या हाडाखाली नेला. तिथंही तसंच भोक होतं.

“मला घरी सोडा, काका. आत्ता.”

“चल की, गाडी दारातच हाय,” म्हणत काका वळले आणि घुटमळले. दिवसभर सताड उघडं असणारं रस्त्याकडचं मोठं दुहेरी दार मिटलेलं होतं. “हे कुणी लावलं गं?”

“म्या कशाला लावू?” काकू म्हणाल्या.

काका पुढं झाले. मघाचा तो उग्र वास आता इथंही येत होता. त्यांनी दारावर तळवा ठेवला, वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. मधली फट त्यांच्या हाताला लागत नव्हती.