मधल्या ड्रमचा पडदा

हिवरखेडहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत शकुन चढली, ती चार ड्रम घेऊन. कंडक्टर कुरकुरला. मोठा ड्रम टपावर गेला, दोन सीटखाली सरकले, आणि मधला – चकचकीत पोलादी पत्र्याचा, हंड्याएवढा – ठेवायला जागाच उरली नाही. खिडकीपाशी बसलेल्या एका तरुणाने हात पुढे केले.

"द्या इकडं. मी धरतो."

तोवर अर्ध्या बसने तिला ताई म्हणून झालं होतं. त्याने म्हटलं नाही, हे शकुनच्या लक्षात आलं.

ड्रम तिच्या मामांचे होते. शेषरावमामांचा ऑर्केस्ट्रा एके काळी साऱ्या तेल्हारा तालुक्यात गाजलेला. पण ही २००६ सालची गोष्ट. कापसाला भाव नव्हता, लोक लग्नं घरापुढच्या अंगणातच उरकत होते, आणि ऑर्केस्ट्रा कोणी बोलवत नव्हतं. मामांनी तीस वर्षं जपलेला तो संच भाचीच्या हवाली केला होता. अमरावतीत केशरबाईंनी बायकांचा भीमगीतांचा संच काढला होता, आणि त्यात ड्रम वाजवणार होती शकुन. एरवी ती तिथल्याच एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसायची.

त्या तरुणाने मांडीवरच्या ड्रमच्या कडेवरून बोट फिरवलं, मग पत्र्यावर हलकेच टिचकी मारली आणि कान जवळ नेला. एखादं झोपलेलं मूल मांडीवर असावं तसा तो अवघडून, जपून बसला होता.

"पत्रा लाखमोलाचा हाये," तो म्हणाला. "वरचे पडदे मात्र गेले सगळे. बदलावे लागतीन."

"तुमाले काय समजते त्यातलं?"

"अकोल्यात उस्मानभाईचं वाद्याचं दुकान हाये ना... तिथं मी तेच काम करतो." आणि मग, विचारलं नसताना, "सूर्यभान नाव माहं."

शकुन खिडकीबाहेर बघू लागली. हसू आलेलं त्याला दिसू नये म्हणून.

अकोल्याला उतरल्यावर ड्रम दुकानातच ठेवायचं ठरलं. पुढच्या रविवारी ती पडदे निवडायला आली. सूर्यभानने तिच्यापुढे दोन तऱ्हेचे पडदे ठेवले. एक काचेसारखा आरपार, दुसरा पांढरा, किंचित खरखरीत. शकुनला आरपार आवडला. स्टेजवर झळकेल म्हणाली.

"झळकीन, पण कानात घुसीन," तो म्हणाला. "लाकडाचा ड्रम असता तर चाललं असतं. पत्रा आधीच मोठ्यानं बोलते. त्याले जरा मऊ बोलणारा जोडीदार पाह्यजे."

"असं काय?" शकुन म्हणाली. "आन् जोडीदार काहीच बोलत नसला तर?"

सूर्यभान गोरामोरा झाला. त्याने दोन्ही पडदे एकामागून एक चढवले आणि तिला डोळे मिटून ऐकायला सांगितलं. आरपार पडदा किणकिणत राहिला, थाळी पडल्यासारखा. पांढरा एकदाच बोलला – गोल, भरीव – आणि गप्प झाला. तिने डोळे उघडले तेव्हा तो ड्रमकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

पांढरे ठरले.

अडचण मधल्या ड्रमची होती. जुन्या विलायती मापाचा तो ड्रम चौदा इंचांहून जरासा मोठा भरत होता. आजचा पडदा त्यावर बसेना. शकुनने विचारलं, नागपूरला मिळेल का? तिकडे तिची मावशी असते, जाऊन घेऊन येईल. सूर्यभान क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, कशाला एवढी धावपळ, मोठा पडदा कापून मी त्याला काठाची गोल कडी करून देतो. तुम्ही पुढच्या रविवारी या.

ती आली. कडी झाली नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारीही आली. दोघांनी दुकानाच्या पायरीवर बसून चहा घेतला, त्याने तिला चावीने पडदा कसा ताणायचा ते दाखवलं – एक स्क्रू इकडचा, मग समोरचा, शेजारचा कधीच नाही. चावीवर तिचा हात होता आणि हातावर, नको तितका वेळ, त्याचा. तिसऱ्या रविवारी मधला ड्रम तयार झाला. "टिकीन ना?" तिने विचारलं. तो म्हणाला, टिकीन.

चौदा एप्रिलला अमरावतीत त्यांच्या वस्तीच्या मैदानावर कार्यक्रम होता. वरूडहून बुद्धपौर्णिमा समितीचे केशवराव मुद्दाम ऐकायला आले होते. आवडलं तर तिथला कार्यक्रम मिळणार होता. दोन गाणी झकास झाली. तिसऱ्यात शकुनने मधल्या ड्रमवर काडी मारली आणि पडदा कडीतून निसटून आत लोंबू लागला. ती उरलेल्या ड्रमवर वाजवत राहिली, पण ताल तुटला तो तुटलाच. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, बायकांचं काम नव्हे ते. केशवराव उठून गेले. केशरबाई खाली बसून वायरी गुंडाळू लागल्या. त्या बोलल्या असत्या तर शकुनला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानात फोन लावला. उस्मानभाईंनी उचलला. तिने घडलं ते सांगितलं, तेव्हा त्यांनी बिचाऱ्यांनी सरळच सांगितलं, "वो साइज यहाँ किदर मिलता बेटा? नागपूर से लाना पडता. सूर्यभान को तो मालूम है."

शकुनने फोन ठेवला. रडली नाही. पण क्लासमध्ये त्या दिवशी तिने दोन मुलांच्या प्रवेशाच्या पावत्या चुकवल्या.

रविवारी संच तालमीला जमला होता. दारात सूर्यभान उभा राहिला. नागपूरहून आणलेला पडदा त्याने छातीशी धरला होता. तो शकुनशी बोललाच नाही. सरळ केशरबाईंपुढे गेला आणि साऱ्या बायकांदेखत म्हणाला की चूक यांच्या हाताची नव्हती, माझी होती. घरगुती कडीचा भरवसा नसतो हे मला ठाऊक होतं, तरी मी टिकेल म्हणालो.

"मंग सांगतलं काहून नाही?" केशरबाईंनी विचारलं.

त्याची नजर शकुनकडे गेली आणि लगेच हातातल्या पडद्याकडे वळली. केशरबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा शकुनकडे, आणि म्हणाल्या, "शकुन, याले बाहेर घेऊन जाय. तुलेच सांगीन तो."

बाहेर कडुनिंबाखाली ऊन कवडशांनी सांडलं होतं. शकुनने हाताची घडी घातली.

"बोला."

"नागपूरले गेल्या असत्या तर सगळंच तिथून आणलं असतं तुमी," तो म्हणाला. "मंग अकोल्याले कायले आल्या असत्या? मले... मले दर रविवारी तुमी यावं वाटे."

"एवढ्यासाठी माहा कार्यक्रम घालवला?"

"हो," तो म्हणाला. सबब सांगितली नाही.

शकुनच्या मनात राग होता. आणि रागाच्या खाली, तिची तिलाच लाज वाटावी असं काहीतरी गोड हललं होतं.

"मले सरळ सांगतलं असतं," ती म्हणाली, "तर पडद्याशिवाय आले असते मी. आता वरूडले जा. केशवरावले हेच सांगा, जसंच्या तसं."

तो त्याच दुपारी गेला. केशवरावांनी त्याला आपल्या वखारीत संत्र्यांच्या पेट्यांच्या थप्पीपुढे तासभर उभं ठेवलं, सारं ऐकून घेतलं, आणि तो निघताना म्हणाले की आपली फजिती सांगायला अकोल्याहून चार तास बसनं येणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

बुद्धपौर्णिमेला संच वरूडला वाजला. शकुनने मधला ड्रम स्वतः ताणला होता. त्या संध्याकाळी तो गोल, भरीव बोलला आणि लोकांनी दोन गाणी पुन्हा म्हणायला लावली. केशवरावांनी पुढच्या वर्षाचंही तिथंच ठरवून टाकलं.

सामान टेम्पोत चढवताना सूर्यभान दोऱ्या आवळत होता. शकुन त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"शुक्रवारी दुकान बंद असते ना?"

"असते."

"मंग अमरावतीले ये. आईले भेट."

तुमीचं तू झालेलं त्याला ऐकू आलं. दोरी त्याच्या हातातून सुटली. ती पुन्हा उचलत, तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "पडद्याचं बी सांगू आईले?"

"ते मी सांगतलं," शकुन म्हणाली. "तरी बोलावलं तिनं."